बहिणीच्या रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न’ आलंय, आणि आत्याकडून स्थळ

कोळसाखाण
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

धाकटी बहीण नागपूरला बी.एड. करते. मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजात तपासणी शिबिर झालं. आधी बोटाला टोचून रक्त घेतलं, मग तिला आणि अजून चौघींना बाजूला बसवून दंडातून घेतलं. आठ दिवसांनी कागद हातात आला. ‘सिकल सेल, एएस पॅटर्न’. हिमोग्लोबिन एस ३६.८ टक्के, ए-टू ३.१ टक्के. कागद देणारा म्हणाला, “घाबरू नका, फक्त लग्नाच्या वेळी बघा.” लग्नाच्या वेळी काय बघायचं ते सांगायला तो काही थांबला नाही.

आणि त्याच आठवड्यात आत्याने विषय काढला. आतेभाऊ शिकलेला आहे, नोकरी आहे, माणूस म्हणून सोन्यासारखा. आई म्हणते कागद कपाटात ठेव, रक्तात दोष आहे असं बाहेर कळलं तर पोरीचं कुठंच जमणार नाही. मी आईबाबांनाही तपासून आणलं. बाबा एएस निघाले, आई नॉर्मल. बाबांनी खाणीत तीस वर्षं काढली, कधी सर्दीपडशाने घरी बसले नाहीत. आता आईचं वेगळंच सुरू झालंय, “बघा, दोष तुमच्या घराण्याचा.”

माझे प्रश्न:
१. बहीण आजारी आहे का?
२. आईबाप दोघंही एएस असले तर मूल आजारी निघायची शक्यता ‘२५ टक्के’, असं सगळीकडे वाचतो. आईचं गणित असं की चार मुलांत एकाला होतं, आजकाल कुणी दोनाच्या वर जात नाही, मग चौथं येतंय कुठून?
३. आतेभावाने त्यांच्या गावच्या दवाखान्यात सिकलची टेस्ट केली, निगेटिव्ह आहे. मग मार्ग मोकळा ना?

काचपट्टी
रक्त तपासण्यातच आयुष्य गेलं माझं, म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही. बहीण आजारी नाही. एएस म्हणजे वाहक. तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत नेहमीचं हिमोग्लोबिनही आहे आणि एसही आहे, आणि नेहमीचं जास्त आहे म्हणून पेशीचा आकार बिघडत नाही. एसएस म्हणजे आजार. त्यात ऑक्सिजन उतरला की एस हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब दोर तयार होतात, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. मोडते म्हणून रक्त कमी, अडकते म्हणून दुखणं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला एक सांगा. आतेभावाची कुठली टेस्ट झाली? रिपोर्टवर ‘सोल्युबिलिटी’ लिहिलंय का? असेल तर थांबा, मार्ग मोकळा झालेला नाही. ड्युटीवरून आलो की सविस्तर लिहितो.

तर्रीपोहे
वाचतोय. दुसऱ्या प्रश्नातलं काकूंचं गणित ऐकून आमच्या हिच्या भिशीतल्या बायका आठवल्या. “माझा नंबर शेवटी लागतो, तोवर काळजी नाही.”

निवृत्त_बाई
भिशीत प्रत्येकीचा नंबर एकदा लागतोच, इथे तसं काही नसतं. हीच तर चूक आहे, तर्रीपोहे. बत्तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलंय, त्यामुळे जरा मास्तरकी सहन करा.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. गुणसूत्रावर ठरावीक जागी जनुक बसलेलं असतं, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. वर्गात मी मंगळसूत्राच्या वाट्या दाखवायचे. एक वाटी माहेरची, एक सासरची. दोन्ही वाट्याच, पण घडणावळ वेगळी असू शकते. एकाच जनुकाच्या अशा वेगळ्या घडणीला पुस्तकात युग्मविकल्पी म्हणतात. हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याची ‘ए’ घडण नेहमीची, ‘एस’ घडणीत एका अक्षराचा फरक, आणि तेवढ्याने साखळीतला सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. दोन्ही वाट्या सारख्या तर समयुग्मकी (एए किंवा एसएस), वेगळ्या तर विषमयुग्मकी (एएस). आत काय आहे ती जनुकविधा, बाहेर काय दिसतं ती स्वरूपविधा. तुमच्या बाबांची जनुकविधा एएस, स्वरूपविधा ठणठणीत. नववीच्या पुस्तकात या आजाराला ‘दात्रपेशी पांडुरोग’ असं भारदस्त नाव आहे. दात्र म्हणजे विळा. मुलं ‘दात-पेशी’ वाचायची आणि दातांचा रोग समजायची.

आता काकूंचं गणित. घरी चिंचोके असतील तर दोन घ्या, मधोमध फोडा, सारीपाटाला फोडतो तसे. काळी बाजू ‘ए’, पांढरी बाजू ‘एस’. एक अर्धुक आईचं, एक वडिलांचं, दोघंही एएस आहेत असं धरा. दोन्ही एकदम टाका. दोन्ही काळे म्हणजे एए. एक काळं एक पांढरं म्हणजे एएस, आणि हे दोन रीतींनी पडतं म्हणून निम्म्या वेळा येतं. दोन्ही पांढरे म्हणजे एसएस, सरासरी चारात एकदा. पण चिंचोक्याला मागचं दान आठवत नाही हो! पहिल्याच दानात पांढरे-पांढरे पडू शकतात, लागोपाठ दोनदाही पडतात (त्याची शक्यता सोळात एक). दर गरोदरपणी नवं दान. ‘दोनावर थांबू’ म्हणजे दोन दानं टाकू, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या वर्गात प्रत्येक गट चाळीस दानं टाकायचा. कुणाचे सहा यायचे, कुणाचे चौदा, आणि भांडण व्हायचं की पुस्तकात दहा लिहिलेत. सगळ्या गटांची बेरीज फळ्यावर मांडली की मात्र पाव हिश्शाच्या आसपास यायची. मेंडेलने वाटाण्यावर हेच केलं. त्याच्या दुसऱ्या पिढीत गोल दाणे ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०, म्हणजे २.९६ ला १. चार वाटाणे सोलून बसला असता तर त्याला कसलंच गुणोत्तर दिसलं नसतं. १८६५ मध्ये त्याने हे ब्र्नो शहरातल्या सभेत वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापलं, आणि १९०० पर्यंत कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कोळसाखाण
बाई, चिंचोके फोडले. आईने तिसऱ्या दानाला पांढरे-पांढरे टाकले आणि गप्प बसली.

पण आमच्याकडे तर आई एए आहे. मग?

निवृत्त_बाई
मग तुमच्या आईच्या चिंचोक्याला दोन्ही बाजू काळ्याच. दान कसंही पडो, एसएस येणारच नाही. निम्मी मुलं एए, निम्मी एएस. घराण्याचा दोष वगैरे आईंना सांगू नका, उलट हे सांगा की त्यांच्याच एए मुळे घरात कुणी एसएस जन्मलं नाही. (याने भांडण मिटेल की वाढेल, माहीत नाही.)

पंचांग_पाहून
हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. एकनाड असली की लग्न करू नये, सगोत्र करू नये, हे दुसरं काय आहे? जेनेटिक्सच. पत्रिका बघितली असती तर आधीच कळलं असतं.

निवृत्त_बाई
नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. माझी आणि माझ्या सख्ख्या बहिणीची नाडी वेगळी आहे, आणि जनुकं सरासरी निम्मी एक. पलीकडच्या गल्लीतल्या एका अनोळखी मुलाची आणि माझी नाडी एक, जनुकाचा संबंध शून्य. नाडीला हिमोग्लोबिन दिसत नाही.

गोत्राचं म्हणाल तर ते फक्त बापाच्या बाजूने चालतं. आतेभाऊ वेगळ्या गोत्राचा, म्हणून आपल्याकडे हे लग्न चालतं, कौतुकाने चालतं, “भाची सून झाली” म्हणतात. पण एस जनुक आत्याबरोबर तिच्या सासरी गेलं असेल तर ते गोत्र बदलून घेत नाही. हिशेब करू. बाबा एएस, म्हणजे आजीआजोबांपैकी कुणीतरी एक एएस असणार. आत्याकडे ते उतरल्याची शक्यता निम्मी. आत्याकडून आतेभावाकडे, निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. तो वाहक असेल तर बाळ एसएस असण्याची शक्यता पाव. पाव गुणिले पाव, सोळात एक. बाहेरचा कुठलाही मुलगा धरला तर एवढी मोठी शक्यता सहसा नसते. मात्र हा हिशेब तपासणीच्या आधीचा. रिपोर्ट आला की सोळाबिळा संपलं, एकतर शून्य नाहीतर पाव.

गोधडी
अवांतर विचारू का? नवराबायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलं व्यंगाची होतात म्हणतात. आमचं दोघांचं बी पॉझिटिव्ह आहे, सासूबाई अजून ऐकवतात.

काचपट्टी
घरी आलो. गोधडीताई, त्यात काही तथ्य नाही. रक्तगटाचं एकच बघायचं असतं, आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन. बी-बी नवराबायको महाराष्ट्रात शेकड्याने आहेत, त्यांची मुलं आमच्याच लॅबमध्ये रक्तदान करून जातात.

आता मूळ मुद्दा. सोल्युबिलिटी टेस्ट कशी असते सांगतो. छोट्या काचेच्या नळीत रसायन असतं, त्यात रक्ताचे थेंब टाकायचे. एस हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, पाणी गढूळ होतं. नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, नाही दिसल्या तर पॉझिटिव्ह. पाच मिनिटांचं काम, स्वस्त, शिबिराला उत्तम. पण या टेस्टला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, पॉझिटिव्ह आली तर माणूस एएस आहे की एसएस ते ती सांगत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. ती फक्त ‘एस’ शोधते. थॅलेसिमियाचा वाहक तिच्यात स्वच्छ निगेटिव्ह येतो.

बीटा थॅलेसिमिया हा त्याच जनुकाचा बिघाड, फक्त वेगळा. एसमध्ये साखळी चुकीची बनते, थॅलेसिमियात ती कमी बनते किंवा बनतच नाही. आता आईकडून एस आला आणि वडिलांकडून थॅलेसिमियाचं जनुक आलं, तर बाळाकडे धड ‘ए’ देणारी वाटी एकही नाही. याला सिकल-बीटा थॅलेसिमिया म्हणतात. साखळी अजिबात न बनवणारा प्रकार असला तर त्रास जवळजवळ एसएसइतकाच. म्हणजे मुलगा ‘सिकल निगेटिव्ह’ आहे म्हणून लग्न झालं, आणि तरी पाव शक्यता तशीच उभी.

म्हणून आतेभावाला एचपीएलसी करायला सांगा. त्यात हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार वेगळा पडून आलेख निघतो. ए-टू साडेतीनच्या वर गेला की थॅलेसिमिया वाहकाचा संशय, चारच्या वर असला तर बहुतेक नक्की. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगायचं, नाहीतर दुसऱ्याचंच हिमोग्लोबिन मोजलं जातं.

बाई, तुमच्यासाठी एक गंमत. एस अप्रभावी असं आपण शिकवतो, ते आजाराच्या पातळीवर खरं. पण माझ्या आलेखावर एएस माणसाचे ए आणि एस दोन्ही सुळके शेजारीशेजारी उभे असतात. तिथे कुणी कुणाला झाकत नाही. म्हणजे प्रभावी-अप्रभावी हे आपण कुठून बघतो त्यावर ठरतं.

निवृत्त_बाई
सहप्रभाविता. अगदी. रक्तगट एबी असतो तसं. हे वर्गात सांगायला वेळ पुरायचा नाही.

गोधडी
रक्तगटावरून आठवलं, शेवटचं अवांतर. वडील ए, आई बी, मी ओ. बारावीत एका मैत्रिणीने विचारलं होतं, “तू नक्की त्यांचीच ना?”

काचपट्टी
त्यांचीच. ए म्हणजे आतून ‘एओ’ असू शकतं, बी म्हणजे ‘बीओ’. दोघांकडून ओ आला की तुम्ही ओ.

त्याहून चक्रावणारं हवं असेल तर आई ‘ओ’, वडील ‘ए’ आणि मूल ‘एबी’. तक्त्याप्रमाणे अशक्य. पण ए आणि बी प्रतिजन (तांबड्या पेशीवरच्या खुणा) ज्या पायावर बसतात तो एच प्रतिजनच काही लोकांमध्ये नसतो, कारण त्यासाठीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी. मग आत बी चं जनुक असूनही वरवरच्या तपासणीत रक्त ओ दिसतं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हे शोधलं, म्हणून जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक. अशा माणसाला ओ रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागतं. बापावर संशय घेणाऱ्यांनी तक्ता जरा जपून वापरावा.

धामणगावचा_बापू
मी इथं लिवत नाई, वाचतो फक्त. पण आमच्या घरी हे भोगून झालं म्हणून लिवतो.

माह्या भाच्याले एसएस हाय. आता चवदा वर्साचा झाला. बहीण-जावई दोघंबी एएस, कोनालेच मालूम नोतं. पोरगं सात महिन्याचं असतानी हातपाय सुजले, आम्ही समजलो काई चावलं. मंग यवतमाळले नेलं तवा कळलं. थंडीत दुखणं उसळते. पाठीत, मांडीत, असं दुखते का पोरगं भितीले पाय लावून रडते. बहिणीनं त्याची एक पिशवी करून ठेवली हाय, त्यात पान्याची बाटली, गोळ्या, सेटर, गरम पान्याची रबरी पिशवी आन् फाईल. कुठं गावाले गेलो का आधी थे पिशवी. पानी कमी पडू देत नाई. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू झाली तवापासून भरती कमी झाली, आंधी वर्सातून पाच-सहा खेपा व्हायच्या.

माह्या बहिणीले तिच्या सासूनं दोन वर्सं बोललं, का हे तुह्या माहेरचं. जावयाचा कागद निघाला तवा बोलणं बंद झालं. कागद कपाटात ठिवू नका भाऊ.

कोळसाखाण
बापू, वाचून गलबललो. आईलाही वाचून दाखवलं. आतेभावाला फोन केला, तो एचपीएलसीला तयार आहे.

सातपुडा
नंदुरबारकडे आरोग्य खात्यात काम करते. बापूंनी लिहिलं ते रोज बघते. हातापायांचे पंजे सुजणं हे बहुतेकदा पहिलं लक्षण असतं. सहा महिन्यांच्या आधी ते दिसत नाही, कारण तोवर बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते पेशीला वाकू देत नाही. म्हणूनच तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी टेस्ट करून ‘निगेटिव्ह’ म्हणणं फसवं असतं. आपल्याकडच्या रुग्णांत हे गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी उरतं, त्यामुळे काहींचा आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य जातो. पण बापूंच्या भाच्याला जाऊन सौम्य म्हणायची माझी छाती नाही.

‘आदिवासींचा आजार’ हा शब्द मात्र टाळा. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांच्यात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण विदर्भात इतर अनेक समाजांत तो आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण एएस मुलं जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली. ॲलिसन या संशोधकांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांवर हे दाखवलं. डासाला जात कळत नव्हती.

केंद्राचं सिकल सेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झालंय. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा.

आणि दोघंही वाहक असूनही लग्न केलंच, तर आभाळ कोसळत नाही. दिवस राहिले की अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासून बाळाची जनुकविधा कळते. निर्णय त्या दोघांचा. पण तो निर्णय घ्यायला आधी माहिती तर पाहिजे.

लेस्टरची_वहिनी
इथे इंग्लंडमध्ये गरोदरपणी पहिल्याच भेटीत सिकल आणि थॅलेसिमियाचं विचारतात, आणि बाळाच्या टाचेतून पाचव्या दिवशी रक्त घेतात त्यातही सिकल बघतात. मला थॅलेसिमिया वाहक आहे हे इथे येऊन, तिशीत कळलं. तिकडे असताना ‘रक्त कमी आहे’ म्हणून दहा वर्षं लोहाच्या गोळ्या गिळल्या.

कोळसाखाण
अपडेट. आतेभावाचा रिपोर्ट आला. एस नाहीच. ए-टू ५.४ टक्के. हिमोग्लोबिन ११.९, पेशींचा आकार लहान. त्यालाही लेस्टरच्या वहिनींसारख्या लोहाच्या गोळ्याच चालू होत्या. म्हणजे काचपट्टींनी सांगितलं तेच झालं, थॅलेसिमियाचा वाहक. आत्याचं सगळं नॉर्मल आहे, ते आतोबांकडून आलं असणार. आत्या म्हणाली, “म्हणजे माझ्या माहेरचं माझ्याकडे आलंच नाही?” तिला आनंद झाला का वाईट वाटलं, फोनवर कळलं नाही.

काचपट्टी
वाईट वाटलं. पण रिपोर्ट वेळेवर आला. आतेभावाला सांगा, लोहाची पातळी तपासल्याशिवाय गोळ्या चालू ठेवू नकोस. आणि त्याच्या भावंडांनाही तपासा.

बीएड_पहिलं_वर्ष
दादा, धागा सापडला मला. ती बहीण मीच.

सगळ्यांनी छान समजावलंय, खरंच थँक्यू. बापूमामा, पिशवीचं वाचून खूप वेळ बसून राहिले. पण एवढ्या जणांत एकानेही ‘मुलीला काय वाटतं’ विचारलं नाही, म्हणून सांगते. आतेभावाशी मी स्वतः बोलले. आम्हा दोघांनाही हे लग्न नको होतं, तो मला लहानपणापासून राखी बांधायला लावतो. त्याचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघं आधी हसलो. यापुढे जो कुणी बघायला येईल त्याला मीच पहिल्या भेटीत कागद दाखवणार आहे आणि त्याचा मागणार आहे. आईला सांगून झालंय.

काचपट्टीकाका, एक शंका आहे. बाबा एएस, आई एए. मग दादाची शक्यता किती?

काचपट्टी
निम्मी. का हो, त्यांची झाली नाही का तपासणी?

बीएड_पहिलं_वर्ष
नाही. घरात सगळ्यांना नेलं त्याने. माझं झालं, आईबाबांचं झालं, आतेभावाचं झालं, आत्याचंसुद्धा. वहिनीला तिसरा महिना आहे.

तर्रीपोहे
😀 दादा, कुठे आहात?

कोळसाखाण
इथेच आहे. डोक्यातच आलं नाही राव. बायकोलाही घेऊन उद्या सकाळीच जातो. उपाशीपोटी जावं लागतं का?

काचपट्टी
नाही. चहा पिऊन या. दोघंही उद्याच द्या, ‘आधी एकाचा बघू’ करू नका, आठवडे मोजून हातात आहेत.